गाडी उभी असतानाची शर्यत

हायवेवर पंक्चर झालं की स्टेपनी बदलायला सरावाच्या माणसालाही दहा मिनिटं लागतात. जॅक बाहेर काढायचा, पान्यावर पाय देऊन गंजलेले नट सैल करायचे, मग गाडी उचलायची. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींत पाच माणसं चारही चाकं बदलतात, टाकी भरतात आणि दहा-अकरा सेकंदांत गाडी पुन्हा मैदानात सोडतात. हा वेग आला कुठून याचा माग काढत गेलं, की आपण व्हर्जिनिया राज्यातल्या स्टुअर्ट नावाच्या, दीड हजारांचीही वस्ती नसलेल्या गावात पोचतो. तिथल्या वूड आडनावाच्या पाच भावांनी १९५० मध्ये सुरू केलेला संघ आजही शर्यतीत आहे. त्याच्या गाडीवर आजही २१ हा आकडा असतो आणि गाडी अजूनही फोर्डच्याच घराण्यातली असते.

थोरला ग्लेन सॉ मिलच्या धंद्यातला, लाकूड कापणारा माणूस. आठवडाभर काम करायचं आणि सुट्टीच्या दिवशी जुनी फोर्ड घेऊन आसपासच्या मातीच्या मैदानांवर शर्यतीला उतरायचं, असा त्याचा क्रम होता. नॅसकारमध्ये धावते ती ‘स्टॉक कार’, म्हणजे मुळात दुकानात मिळणारी साधी गाडी. आज ती फक्त दिसायला तशी असते, पण त्या काळी ती खरोखरच घरची गाडी असे. ग्लेन चालवायलाही चांगला होता. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेतल्या चार शर्यती त्याने स्वतः जिंकल्या, आणि चारही विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियमवर. पण संघाचं डोकं म्हणजे धाकटा लिओनार्ड. १९३४ चा जन्म, इंजिन खोलण्या-जोडण्याचा लहानपणापासून नाद.

त्या काळात पिटमध्ये, म्हणजे चाकं बदलायच्या आणि इंधन भरायच्या जागी, गाडी थांबली की चालक जरा दम खायचा, कोणी पाणी द्यायचं, मेकॅनिक आपल्या गतीने चाकं बदलायचे. शर्यत मैदानात जिंकायची असते, अशीच सगळ्यांची समजूत. वूड बंधूंना वेगळंच दिसलं. गाडी उभी असली तरी घड्याळ चालूच असतं.

हिशेब करून पाहू. ताशी २४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे ६७ मीटर जाते. समजा शर्यतीत पाच थांबे आहेत आणि प्रत्येकात २० सेकंद वाचले, तर झाले १०० सेकंद, म्हणजे पावणेसात किलोमीटरच्या आसपास आघाडी. ८०० किलोमीटरच्या शर्यतीत हीच आघाडी निव्वळ वेगाने मिळवायची, तर गाडी जवळजवळ एक टक्का जास्त जोरात पळवावी लागेल. ऐकायला ते किरकोळ वाटतं. पण हवेचा विरोध कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. एवढ्याशा वाढीसाठी इंजिनाची ताकद अडीच टक्के वाढवावी लागेल, म्हणजे ४०० हॉर्सपॉवरच्या इंजिनातून आणखी १० हॉर्सपॉवर काढायच्या. त्यासाठी इंजिनवाले महिनोन्महिने रात्री जागवतात. वूड बंधूंना तोच फायदा जॅक, पाना आणि इंधनाच्या कॅनमध्ये सापडला.

आधी जॅक. हायड्रॉलिक जॅकचं तत्त्व पास्कलचं. लहान दट्ट्यावर दिलेला दाब तेलातून मोठ्या दट्ट्यावर पोचतो आणि तिथे बळ अनेक पटींनी वाढतं. या वाढीची किंमत मात्र अंतरात मोजावी लागते. दांडा बोअरवेलच्या हापशासारखा पुन्हा पुन्हा मारावा लागतो आणि प्रत्येक वेळी गाडी थोडीशीच उचलली जाते. लिओनार्डने जॅकमध्ये असा बदल केला की दांडा मारायला जड जाईल, पण मोजक्याच झटक्यांत गाडी वर येईल. एकूण काम तेवढंच राहिलं, फक्त ते कमी झटक्यांत वाटलं गेलं. गॅरेजमधला जॅक कोणालाही वापरता येईल असा असावा लागतो. हा जॅक एकाच दणकट माणसासाठी होता, आणि तो माणूस म्हणजे भाऊ डेलानो.

त्यानंतर हालचाली बसवल्या. कोण कुठून धावेल, कोणाच्या हातात काय असेल, गाडीच्या पुढून कोण वळेल आणि मागून कोण, हे सगळं ठरवून पुन्हा पुन्हा घोटलं. आज प्रत्येक संघ हेच करतो. तेव्हा एवढ्या काटेकोरपणे कोणी करत नव्हतं.

थांबा टाळणं हाही वेळ वाचवण्याचाच प्रकार. १९६३ च्या डेटोना ५०० या नॅसकारच्या सर्वांत मानाच्या शर्यतीआधी संघाचा चालक मार्विन पँच एका मासेराटीची चाचणी घेताना उलटला आणि गाडीने पेट घेतला. त्याला आगीतून ओढून काढणाऱ्यांत टायनी लुंड होता. टायनी म्हणजे चिमुकला, प्रत्यक्षात हा गडी चांगला धिप्पाड. पँचने इस्पितळातून वूड बंधूंना सुचवलं की माझी गाडी लुंडला द्या. लुंडने टायरचा एकच संच पूर्ण शर्यतभर वापरला आणि इंधन जपून जपून चालवलं. शेवटच्या फेऱ्यांत पुढच्या गाड्यांना इंधनासाठी आत यावं लागलं, लुंड थांबला नाही आणि जिंकला. जीव वाचवल्याबद्दल त्याला कार्नेगी पदकही मिळालं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भुरळ घालते ती १९६५ ची गोष्ट. आदल्या वर्षी इंडियानापोलिस ५०० या वेगळ्या, उघड्या चाकांच्या गाड्यांच्या शर्यतीत भीषण आग लागून एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड हे दोन चालक गेले. त्यानंतर नियम बदलले. दाबाने इंधन भरण्यावर बंदी आली. इंधन उंचावरच्या टाकीतून फक्त गुरुत्वाकर्षणाने खाली यायचं आणि निदान दोन थांबे घ्यायचेच. आता भरायला बराच वेळ जाणार, असा सगळ्यांचा अंदाज होता. फोर्डचं इंजिन वापरणाऱ्या लोटस संघाचा चालक जिम क्लार्क याच्यासाठी फोर्डने वूड बंधूंना बोलावलं. त्यांनी ती गाडी याआधी कधी हाताळलेली नव्हती.

गुरुत्वाकर्षण तर सगळ्यांना सारखंच. मग फरक कशाने पडणार? तो पडतो टाकीच्या तोंडाच्या आकाराने. टॉरिचेलीच्या नियमाप्रमाणे द्रव किती वेगाने बाहेर पडेल हे फक्त उंचीवर ठरतं. २ मीटर उंची असेल तर सेकंदाला साधारण सव्वासहा मीटर. पण भोकाच्या कडा धारदार असतील तर सगळीकडून आत धावणारा द्रव ऐन तोंडाशी एकदम वळू शकत नाही, त्याची धार आकसते आणि भोकाच्या जेमतेम ६० टक्के भागातूनच प्रवाह जातो. तेच तोंड आतून नरसाळ्यासारखं गोलाईने निमुळतं केलं तर धार आकसत नाही आणि प्रवाह ९५ टक्क्यांच्या वर जातो. समजा तोंड ५ सेंटिमीटरचं आहे आणि २०० लिटर भरायचे आहेत. धारदार कडेच्या तोंडातून २७ सेकंद लागतील, गोलाईच्या तोंडातून १७. बाहेरून मोजलं तर व्यास तोच, नियमही पाळलेला, आणि दहा सेकंद हातात.

फोर्डच्या तंत्रज्ञांनी टाकीच्या तोंडाला आतून असाच निमुळता, व्हेंच्युरीचा आकार दिला होता. वूड बंधूंनी जोडण्या आणि झडपा घासून-पुसून अशा केल्या की कुठे काही अडकू नये. ३१ मे रोजी क्लार्कचे दोन्ही थांबे प्रत्येकी अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपले. २०० पैकी १९० फेऱ्या तो पुढे होता आणि ताशी १५०.६८६ मैल सरासरीने जिंकला. मागे इंजिन असलेल्या गाडीने ही शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. स्कॉटलंडचा चालक, इंग्लंडची गाडी, आणि इंधन भरायला स्टुअर्टचे भाऊ.

इंधन ओतण्यात आणखी एक मेख असते, ती आपल्या स्वयंपाकघरातही भेटते. गोड्या तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुडगुड करत, अडखळत येतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की अखंड धार लागते. तेल बाहेर यायचं तर हवा आत जायला हवी. स्टॉक कारच्या कॅनलाही ही वाट ठेवावी लागते, आणि गाडीच्या टाकीतली हवा बाहेर पडायलाही. आज सुमारे ४० लिटरचा, निव्वळ इंधनानेच ३० किलोचा झालेला कॅन खांद्यावर घेऊन एक माणूस उभा राहतो. हवेला वाट मिळाली तरच त्याच्या कॅनमधलं इंधन अखंड उतरतं.

१९७२ ते १९७९ हा डेव्हिड पीअरसनचा काळ. संघासाठी त्याने ४३ शर्यती जिंकल्या. १९७३ मध्ये तर १८ शर्यतींत भाग घेऊन ११ जिंकल्या. १९७६ च्या डेटोना ५०० मध्ये शेवटच्या वळणावर तो आणि प्रतिस्पर्धी रिचर्ड पेटी एकमेकांवर आदळून भिंतीला धडकले. गाडी गरगर फिरत असतानाही पीअरसनने क्लच दाबून ठेवला, त्यामुळे थांबत आलेल्या चाकांनी इंजिन ओढून बंद पाडलं नाही. पेटीची गाडी बंद पडली. पीअरसनची चेपलेली मर्क्युरी, म्हणजे फोर्डच्याच घराण्यातली गाडी, हिरवळीवरून सायकलच्या वेगाने रेषा ओलांडून गेली.

पीअरसन आणि वूड बंधूंची ही जोडी फुटली ती पिट थांब्यावरून. एप्रिल १९७९, डार्लिंग्टनची शर्यत. पीअरसनला वाटलं दोनच टायर बदलायचे आहेत, माणसांनी डाव्या बाजूचे नटही सोडवायला घेतले होते. त्याने गाडी सोडली आणि पिटच्या तोंडाशीच डावीकडची दोन्ही चाकं निखळली. ‘व्होऽ’, म्हणजे ‘थांब’, असं ओरडलेलं त्याला ‘गो’ ऐकू आलं, अशी आठवण सांगितली जाते. मला ते पटतं. दोन्ही शब्दांत ‘ओ’ हाच स्वर आहे, फरक फक्त सुरुवातीच्या व्यंजनात. व्यंजन क्षणभराचं आणि क्षीण, स्वर लांब आणि जोरकस. उघड्या सायलेन्सरच्या इंजिनाशेजारी व्यंजन बुडून जातं, स्वर तेवढा कानात राहतो. सेकंद वाचवायला इतकं सगळं बसवलेल्या संघाचा घात एका अक्षराने व्हावा, हे मला अजून चटका लावतं. थोड्याच दिवसांत पीअरसन आणि वूड बंधू वेगळे झाले.

पुढची वर्षं अवघड गेली. अनेक गाड्या आणि बडे प्रायोजक असलेले संघ आले, आणि एक वेळ अशी आली की वूड बंधूंना हंगामातल्या निवडक शर्यतीच परवडू लागल्या. त्याच अर्धवेळ काळात, २० फेब्रुवारी २०११ ला, आदल्याच दिवशी विशी गाठलेल्या ट्रेव्हर बेनने त्यांना डेटोना ५०० जिंकून दिली. ग्लेन जानेवारी २०१९ मध्ये गेला. संघाचा शंभरावा विजय त्याला दिसला नाही. तो २४ ऑगस्ट २०२४ ला डेटोनावरच हॅरिसन बर्टनने मिळवला.

तोपर्यंत गाडी पुष्कळ बदलली होती. २०२२ पासून चाकाला पाच नटांऐवजी मधोमध एकच मोठा नट आला आणि चाकं इतकी झटपट बदलू लागली की आता पुष्कळदा सगळे जण खोळंबतात ते कॅन रिकामा होण्यासाठी. त्याला पंप लावायला अजूनही परवानगी नाही. इंधन आजही वरून खाली, आपल्या वजनानेच येतं.