गुणवत्तेचा वाद : सँडेल आणि १९०२ चं कोल्हापूर

प्रवेशाचे दिवस आले की कोल्हापुरातल्या कॉलेजच्या कट्ट्यांवर 'मार्क कुणाचे, जागा कुणाला' हा वाद पेटतोच. हार्वर्डमध्ये १९८० पासून शिकवणारे राजकीय तत्त्वज्ञ मायकेल सँडेल या वादाच्या मुळाशी जातात, म्हणून त्यांना इथे वाचायला हवं.

सुरुवात अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्यापासून. १९७१ च्या ग्रंथात त्यांनी मांडलं की जन्मजात बुद्धी किंवा चांगलं घर ही कुणाची कमाई नसते. विषमता राहणारच असेल तर तिचा फायदा तळच्या माणसाला मिळायला हवा. १९८२ मध्ये सँडेल यांनी रॉल्सनाच हटकलं : न्याय ठरवताना रॉल्स नाती, समाज, इतिहास बाजूला काढून उरणारा माणूस धरतात, पण तसा माणूस असतो कुठे? 'द टिरनी ऑफ मेरिट' (गुणवत्तेची जुलूमशाही, २०२०) या पुस्तकात ते आणखी पुढे गेले. यश निव्वळ स्वतःच्या कर्तबगारीचं मानलं की वर गेलेल्यांना माज चढतो आणि मागे राहिलेले स्वतःलाच नालायक समजू लागतात. अमेरिकेत जवळपास दोन तृतीयांश प्रौढांकडे चार वर्षांची पदवी नाही. त्यांच्या कष्टांना मान उरला नाही, हे सँडेल यांचं दुखणं. न्यायाच्या हिशेबात वाटपाबरोबर सन्मानही धरायला लावला, ही त्यांची खरी भर.

कोल्हापूरला हा हिशेब ठाऊक होता. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० वर ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखल्या; महाराज तेव्हा विलायतेत होते. पण नुसत्या नोकऱ्यांवर ते थांबले नाहीत. शिकायला येणाऱ्या पोरांना शहरात छप्पर हवं म्हणून जातीजातींची बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकात त्यांतली काही आजही दिसतात. आणि गंगाराम कांबळे! पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला महाराजांनी हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. सँडेल ज्या सन्मानाबद्दल लिहितात, तो इथे एका राजाने भररस्त्यावर दिला होता.

एका मुद्द्यावर मात्र सँडेल मला पटत नाहीत. नामांकित विद्यापीठांनी पात्र विद्यार्थ्यांमधून चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्यावेत, असं ते सुचवतात. त्याने माज उतरेलही. पण पात्रतेच्या उंबऱ्यापर्यंत कुणाला पिढ्यान्‌पिढ्या येऊच दिलं नाही, हे चिठ्ठीला कळत नाही. १९०२ च्या जाहीरनाम्याला ते कळत होतं.