सोनटक्का खानदेशात जगत नाही?

सोनटक्का कोकणातलाच, जळगाव-धुळ्याच्या उन्हात मरतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत होतात. कंद मात्र मातीखाली शाबूत असतो. तो जातो बहुतेकदा कुजून. काळ्या मातीत पाणी साचतं आणि सुकलेली पानं बघून माणसं आणखी पाणी ओततात. कंद दाबून बघा: टणक असेल तर जिवंत, मऊ पडून वास मारत असेल तर गेला.

पावसाच्या तोंडावर कंदाचा दोन-तीन डोळे (कोंब फुटायच्या जागा) असलेला तुकडा आडवा, ५ सेंमी खोल लावा. निम्मी माती, उरलेल्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत. सकाळचं ऊन, दुपारी सावली. फुलून गेलेला दांडा बुडातून कापा, तो पुन्हा फुलत नाही; कोवळे कोंब छाटू नका, फुलं त्यांच्याच टोकाला येतात.