विंडोज ९५ : घरगुती संगणकाची श्रेणीवाढ

एमएस-डॉस (आज्ञा टंकून चालणारी जुनी ऑपरेटिंग सिस्टिम; पुढे 'डॉस') व तिच्यावर चालणारी विंडोज ३.१ असलेल्या घरगुती संगणकावर, आधीच्या फायली न पुसता विंडोज ९५ ही ऑपरेटिंग सिस्टिम बसविण्याची क्रिया. मायक्रोसॉफ्टने ही प्रणाली २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आणली. ३८६डीएक्स प्रोसेसर व ४ मेगाबाइट रॅम ही किमान अट होती. प्रत्यक्षात ८ मेगाबाइटखाली ती चालण्यापेक्षा रखडतच असे. सीडी-रॉम ड्राइव्ह नसलेल्यांना १३ फ्लॉपींचा संच मिळे. पहिली सोडून बाकीच्या फ्लॉपींवर १.४४ ऐवजी सुमारे १.६८ मेगाबाइट मजकूर कोंबलेला असल्याने डॉसच्या नेहमीच्या डिस्ककॉपी आज्ञेने त्यांची नक्कल निघत नसे.

श्रेणीवाढीनंतर डॉस कितपत उरते, याविषयी मतभेद आहेत. सेटअप (प्रणाली बसविणारा प्रोग्राम) जुन्या डॉसच्या मूळ फायली पुसत नाही, नावे बदलून ठेवतो : आयओ.सिस ही आयओ.डॉस होते, कमांड.कॉम ही कमांड.डॉस. सोय राखलेली असल्यास, संगणक सुरू होताना एफ४ कळ दाबून जुने डॉस परत मिळते. मात्र नवी आयओ.सिस हीदेखील डॉसच (आवृत्ती ७) असून तीच पुढे विंडोजला जागे करते. यावरून संगणकविषयक लेखक अँड्र्यू शुलमन यांनी चाचणी आवृत्तीच्या काळातच, डॉस गेल्याचा मायक्रोसॉफ्टचा दावा अमान्य केला होता. मायक्रोसॉफ्टमधील अभियंता रेमंड चेन यांच्या मते डॉसकडे प्रारंभ करून देणे व जुन्या १६-बिट ड्रायव्हरांना (यंत्रभाग चालविणाऱ्या प्रोग्रामांना) आधार देणे एवढीच कामे उरली. फायलींचा व्यवहार साधारणतः विंडोजच्या स्वतःच्या ३२-बिट घटकांकडे जात असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि जुना ड्रायव्हर शिल्लक असलेल्या संगणकावर शुलमन यांचा आक्षेप पुरता निकालात निघत नाही. डॉसची स्पर्धक प्रणाली डीआर-डॉस हिची मालक असलेल्या कॅल्डेरा कंपनीने १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या खटल्यात हा प्रश्न आला, परंतु जानेवारी २००० मध्ये तडजोड झाल्याने न्यायालयीन निर्णय झाला नाही.

सेटअप यंत्रसामग्री तपासताना संगणक गोठल्यास तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. डेटक्रॅश.लॉग या फायलीतील नोंदीवरून सेटअप अडलेली तपासणी वगळून पुढे जाई.

फॅट३२ ही डिस्कवर फायली साठविण्याची नवी व्यवस्था विंडोज ९५ च्या १९९६ मधील ज्या सुधारित आवृत्तीत आली, ती केवळ नव्या संगणकांसोबत मिळे; श्रेणीवाढ करणारे तिला मुकले.

मराठीच्या दृष्टीने या श्रेणीवाढीने फारसे काही बदलले नाही. युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान संकेतप्रणाली) देवनागरी विंडोज २००० मध्ये, र. कृ. जोशी यांनी घडविलेल्या मंगल टंकासह (फाँटसह) आली आणि घरगुती आवृत्तीत एक्सपीपासून (२००१).