बुगडीचं भोक पिकलं तर तेल-हळद?

‘टोचलेला कान पिकला की हळद-तेल लाव आणि बाळी रोज फिरव’ हा सल्ला अजून घरोघरी दिला जातो. पाळीचं भोक त्यातूनही निभावून जातं, म्हणून तो टिकला. पाळीत कूर्चा (कानाच्या वरच्या भागाला आकार देणारा कडक पण लवचीक भाग) नसते, रक्तपुरवठा भरपूर असतो; जखम 6 ते 8 आठवड्यांत भरते. बुगडीचं भोक मात्र कूर्चेतून जातं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणावर तिचं पोषण चालतं. म्हणून इथे 6 महिने ते वर्षही लागतं.

बाळी फिरवली की सुकलेली खपली आत ओढली जाते आणि कोवळी त्वचा फाटते. तेलाने मळ चिकटून राहतो. त्यापेक्षा 250 मिली उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ घालावं, स्वच्छ कापसाने दिवसातून दोनदा पुसावं, कोरडं करावं. हात आधी धुवावेत, हे सांगायला नकोच.

कानाचा वरचा भाग लालभडक, गरम, ठणकणारा झाला आणि पाळी मात्र नेहमीसारखीच राहिली, तर संसर्ग कूर्चेच्या आवरणात शिरला आहे. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. इथे बहुधा स्यूडोमोनास जिवाणू असतो. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक त्याच्यावर चालत नाही. पू साठला तर चीर देऊन काढावा लागतो. उशीर झाला तर कूर्चा मरते, कान चुरगळल्यासारखा होतो, आणि तो पूर्ववत करणं फार अवघड असतं.