कार्यकारिणी निवडणूक : शैक्षणिक तंत्रज्ञान शिक्षकांची संघटना (वडोदरा)

शैक्षणिक तंत्रज्ञान शिकवणारे किंवा ते वर्गात वापरणारे शिक्षक आपल्या व्यावसायिक संघटनेचा कारभार पाहण्यासाठी ठरावीक मुदतीने जे मंडळ निवडतात, त्याची ही निवडणूक. मराठीत या मंडळाला कार्यकारिणी म्हणतात. वडोदऱ्यातल्या मराठी माणसाच्या तोंडी मात्र गुजराती शेजारामुळे 'कारोबारी' हाच शब्द बसलेला आहे. इथे अध्यक्षाला 'प्रमुख', चिटणिसाला 'मंत्री', खजिनदाराला 'खजानची' आणि सभासदाला 'सभ्य' म्हणतात. बिनविरोध निवडून आलेला 'बिनहरीफ' होतो आणि वर्गणीचे 'लवाजम' होते. पुण्याहून बदलून आलेल्या शिक्षकाला हा शब्द पहिल्यांदा ऐकताना लवाजमा आठवतो. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या जुन्या मराठी वस्त्यांत वाढलेली बाई मात्र सहज विचारते, "बेन, तुमचं लवाजम भरलंय ना? यादी बंद होतेय." ही निवडणूक समजून घ्यायची तर सुरुवात याच प्रश्नापासून करावी लागते. मतदानाच्या दिवशी जे घडते त्यातले बरेचसे यादी बंद होते त्या दिवशीच ठरून गेलेले असते.

पार्श्वभूमी

शिक्षणात साधने वापरण्याची बडोद्याची परंपरा संगणकाहून कितीतरी जुनी आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. पुढे जनार्दन सखाराम कुडाळकरांनी ते वाढवले. या ग्रंथालय खात्यात दृश्य शिक्षणाची स्वतंत्र शाखा होती. लाकडी पेट्यांतून पुस्तके गावोगाव फिरत, आणि मॅजिक लँटर्नच्या (काचेवरची चित्रे पडद्यावर दाखवणाऱ्या दिव्याच्या) काचा व चित्रपट लिहिता-वाचता न येणाऱ्यांपर्यंत पोचत. अमेरिकेत या विषयाची जी मोठी संघटना आज आहे, ती तिथल्या राष्ट्रीय शिक्षण संघटनेचा दृश्य शिक्षण विभाग म्हणून १९२३ मध्ये सुरू झाली. बडोद्याची शाखा त्याआधीची, हे अभिमानाने नोंदवण्यासारखे आहे.

१९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या शिक्षणशास्त्र विद्याशाखेत १९६० च्या दशकात क्रमान्वित अध्ययनावर, म्हणजे मजकुराचे लहान टप्पे पाडून विद्यार्थ्याला आपल्या गतीने पुढे जाऊ देण्याच्या पद्धतीवर, महत्त्वाचे काम झाले. मग देशात १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेड्यांत दूरदर्शन पोचवण्याचा 'साइट' प्रयोग झाला, १९८४-८५ मध्ये 'क्लास' प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले, आणि 'संगणकाचे सर' नावाची नवी जमात शाळेत दिसू लागली.

मतदार कोण

या संघटनेत सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. गणिताच्या शिक्षकांची संघटना असेल तर गणित शिकवणारा तो सभासद, इतके सोपे उत्तर देता येते. शैक्षणिक तंत्रज्ञानाचे तसे नाही. बी.एड. महाविद्यालयात हा विषय शिकवणारे प्राध्यापक, शाळेतले संगणक शिक्षक, कंत्राटावर नेमलेले प्रयोगशाळा सहायक, स्मार्ट बोर्डावर पर्यावरण शिकवणाऱ्या चौथीच्या बाई, हे सगळे आपापल्या परीने पात्र ठरतात. शाळांना सॉफ्टवेअर विकणारा, पण पूर्वी शिक्षक असलेला गृहस्थही सभासदत्वाचा अर्ज घेऊन येतो. त्याला सहयोगी सभासद करावे आणि मताचा हक्क देऊ नये, असे या नोंदीच्या लेखकाचे स्पष्ट मत आहे. जी कारोबारी उद्या शाळांना साधनांची शिफारस करणार, तिच्या मतदारांत ती साधने विकणारा असू नये. कंत्राटी सहायकाला मात्र पूर्ण हक्क हवा. प्रयोगशाळेतली यंत्रे चालू राहतात ती त्याच्यामुळे, आणि बहुतेक संघटनांच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, वगळला जातो तो नेमका तोच.

शिक्षकांना आपल्या क्षेत्रातले प्रतिनिधी निवडण्याच्या जागा गुजरातमध्ये तशाही थोड्या आहेत. महाराष्ट्रातला माध्यमिक किंवा त्यावरच्या स्तराचा शिक्षक संविधानाच्या कलम १७१ प्रमाणे विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मत देतो. गुजरातला विधान परिषद नाही, त्यामुळे बडोद्याच्या शिक्षकाला ते मत नाही. सिनेट आणि सिंडिकेट या विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या मंडळांच्या चुरशीच्या निवडणुका गावात वर्षानुवर्षे गाजल्या. २०२३ च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्याही संपल्या. मराठी वाचकाला आणखी एक संदर्भ आठवेल : अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे मतदानाने निवडलेले अध्यक्ष शेवटचे बसले ते फेब्रुवारी २०१८ च्या बडोदे संमेलनात. पुढच्या वर्षीपासून अध्यक्ष सन्मानाने निवडण्याची पद्धत आली. अशा परिस्थितीत शिक्षकांच्या लहानशा संघटनेतली मतपेटी गावाच्या सार्वजनिक जीवनात आकारापेक्षा मोठी जागा व्यापते.

कायदा

अशी संघटना सहसा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवली जाते. किमान सात जण लागतात. शिक्षण हा धर्मादाय हेतू असल्याने गुजरातेत, महाराष्ट्रासारखीच, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही तिची नोंद होते. हा कायदा मूळ मुंबई राज्याचा. गुजरातने पुढे त्याला आपले नाव दिले. युनियन ही वेगळी गोष्ट. ती पगार, बढती, बदल्यांसाठी भांडते. व्यावसायिक संघटना विषयासाठी असते : प्रशिक्षण, नियतकालिक, परिषद, अभ्यासक्रमावर म्हणणे मांडणे. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सुंदरांबाळ खटल्यात दिला होता. सभासदांच्या मनात मात्र दोन्हींची सरमिसळ असते, आणि प्रचारात "आपला ग्रेड पे कोण मिळवून देणार" हा प्रश्न हटकून येतो. त्यावर प्रामाणिक उमेदवाराने हे आपल्या संघटनेचे काम नव्हे असे सांगावे, मते गेली तरी.

१८६० चा कायदा निवडणुकीच्या पद्धतीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. ते सारे संस्थेच्या घटनेवर सोडलेले आहे. पण त्याच्या कलम १५ मधले एक वाक्य प्रत्येक निवडणूक अधिकाऱ्याने पाठ करावे असे आहे : ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून मोजताही येत नाही. म्हणजे कोरमही (सभेला लागणारी किमान हजेरी) त्याच्यावाचूनच धरायचा.

यादी

घटनेत यादी बंद होण्याची तारीख नसेल किंवा ती मतदानाच्या अगदी तोंडावर असेल, तर शेवटच्या आठवड्यात एकच माणूस पन्नास जणांची वर्गणी एका दमात भरतो. पावत्या लागोपाठच्या क्रमांकाच्या आणि हस्ताक्षर एकच. अर्जावरचे मोबाइल नंबर पाहिले की दहा अर्जांवर एकच नंबर सापडतो. यात कायद्याने चूक दाखवणे कठीण जाते, कारण पैसे खरे आहेत आणि माणसेही खरी आहेत. ती शिक्षक असतात, पण संघटनेच्या एकाही कार्यशाळेला आलेली नसतात.

यावरचे उपाय साधे आहेत, आणि शांतपणे, निवडणूक नसलेल्या वर्षी करायचे आहेत. मतदानापूर्वी किमान नव्वद दिवस सभासद असलेल्यालाच मत, वर्गणी ज्याची त्याच्याच बँक खात्यातून, कच्ची यादी पंधरा दिवस हरकतींसाठी खुली, मग पक्की यादी. पक्क्या यादीवर निवडणूक अधिकाऱ्याची प्रत्येक पानावर सही. त्यानंतर तीत एकही नाव घालायचे नाही, ते घटना समितीच्या अध्यक्षांचे असले तरी.

अर्ज ते मोजणी

वेळापत्रक शाळेच्या वर्षावर बेतावे लागते. मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, मे महिन्यात अर्धे गाव सुट्टीवर, दिवाळीच्या तीन आठवड्यांत कोणी हाती लागत नाही. उरलेल्यातला एखादा रविवार निवडला जातो. उमेदवारी अर्जावर सूचक आणि अनुमोदक लागतात, दोघेही पक्क्या यादीतले. छाननीत सर्वाधिक अर्ज बाद होतात ते अनुमोदकाची वर्गणी थकलेली असल्याने. अमेरिकेतल्या अशा संघटनांत पद्धत निराळी असते. तिथे एक नामांकन समिती इच्छुकांतून उमेदवारांची यादी तयार करून सभासदांपुढे ठेवते, आणि काही ठिकाणी भावी अध्यक्ष एक वर्ष आधी निवडून तो आजच्या अध्यक्षाच्या हाताखाली काम शिकतो. ही दुसरी सोय आपल्याकडे उचलण्याजोगी आहे. पहिली नको. इथे अशी समिती नेमली तर लोक उमेदवार सोडून समितीच्या निवडीवरच भांडत बसतील.

या मतदारांची एक खासियत आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ ने शिक्षकांना शाळाबाह्य कामांपासून सूट दिली, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे ठेवली. त्यामुळे सभासदांतल्या बहुतेकांनी कधी ना कधी मतदान केंद्रावर रात्र काढलेली असते. रिकामी पेटी सर्वांना उलटी करून दाखवणे, लाख वितळवून मोहोर लावणे, एकूण मतांचा हिशेब दोघांच्या सहीने लिहिणे हे त्यांना सांगावे लागत नाही. मोजणी बहुधा शाळेच्याच वर्गात होते. चार बाके जोडून टेबल करतात, फळ्यावर उमेदवारांची नावे लिहितात, एक जण मतपत्रिका उघडून वाचतो, दुसरा ती प्रतिनिधींना दाखवतो, तिसरा फळ्यावर रेघ मारतो : चार उभ्या, पाचवी त्यांना छेदणारी. शंकास्पद मतपत्रिका बाकाच्या कोपऱ्यावर वेगळ्या पडतात आणि शेवटी एकत्र पाहिल्या जातात. खडूची ती रेघ खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी दिसते, म्हणून या पद्धतीवर विश्वास बसतो.

मत मोजण्याचा नियम

रूढ पद्धतीत जितक्या जागा तितकी मते. हा नियम पॅनेलला सोयीचा आणि संघटनेला घातक आहे. समजा पाच जागा आहेत, मतदार १२०, त्यांतले ६६ एका पॅनेलचे आणि ५४ दुसऱ्याचे. प्रत्येकाने आपापल्या पॅनेलला पाचही मते दिली, तर पहिल्याचे पाचही उमेदवार प्रत्येकी ६६ मतांनी निवडून येतात. ५४ जणांचा एकही प्रतिनिधी कारोबारीत बसत नाही, आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांतले निम्मे वर्गणीही भरत नाहीत.

राज्यसभेसाठी वापरली जाणारी पसंतीक्रमाची पद्धत लावली तर? मतदार पाच उमेदवारांना १, २, ३ असे क्रम देतो. कोटा, म्हणजे निवडून यायला पुरेशी मते, काढायचा : १२० भागिले जागांहून एक जास्त, म्हणजे सहा, येतात २०, त्यात एक मिळवून २१. पहिल्या गटाच्या ६६ मतांत तीन कोटे बसतात (६३), दुसऱ्याच्या ५४ मतांत दोन (४२). निकाल तीन-दोन. मोजणीला वेळ जास्त लागतो, शिल्लक मते पुढे सरकवण्याचे गणित आधी समजावून घ्यावे लागते. पण ही माणसे स्प्रेडशीट शिकवतात. त्यांना हे जड जाण्याचे कारण नाही.

ऑनलाइन मतदान

तंत्रज्ञानाच्या शिक्षकांनी कागदावर का मत द्यावे, हा प्रश्न दर निवडणुकीत येतो. सभासद छोटा उदेपूर, डभोई, पादरा इथपर्यंत पसरलेले असतील तर तो रास्तही आहे. अडचण गुप्ततेची आहे. गूगल फॉर्मवर ईमेल नोंदवून घेतले, तर फॉर्मच्या मालकाला कोणी कोणाला मत दिले ते दिसते. न नोंदवले, तर एकाने तीनदा मत दिलेले कळत नाही. टपाली मतदानाने हा पेच फार पूर्वी दोन लिफाफ्यांनी सोडवला : आतल्या कोऱ्या लिफाफ्यात मतपत्रिका, बाहेरच्यावर नाव आणि सही. बाहेरचा लिफाफा यादीशी ताडून फाडायचा, आतले सगळे एका पेटीत मिसळायचे, मग उघडायचे. ऑनलाइनही तेच करावे लागते. एका माणसाने चिठ्ठ्यांवर एकदाच चालणारे संकेतांक छापून बंद लिफाफ्यात घालायचे. दुसऱ्याने लिफाफे न उघडता यादीप्रमाणे वाटायचे. पहिल्याला नावे माहीत नाहीत, दुसऱ्याला संकेतांक माहीत नाहीत. ही दोन माणसे एकाच पॅनेलची नसावीत.

निकालानंतर

निकालाचे इतिवृत्त प्रोसिडिंग बुकात लिहून सह्या होतात. वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत नव्या मंडळाची यादी निबंधकाकडे द्यायची असते, आणि मंडळ बदलल्याचे कळवणारा बदल अर्ज १९५० च्या विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात. हरलेल्या बाजूची हरकत येते ती तिथेच, आणि पक्क्या यादीची सही केलेली प्रत तेव्हा उपयोगी पडते. दरम्यान जुन्या मंत्र्याने नव्याला चार्ज द्यायचा. पूर्वी त्यात शिक्का, पावतीपुस्तके आणि कपाटाची किल्ली असे. आता संकेतस्थळाच्या नावाची मालकी, यूट्यूब वाहिनी, सभासदांचा व्हॉट्सअॅप गट आणि जिथे वर्षानुवर्षांची कार्यशाळा साहित्ये साठवली आहेत ते क्लाउड खातेही असते. ही खाती बहुतेकदा कोणा एकाच्या वैयक्तिक मोबाइल नंबरवर उघडलेली असतात, आणि नव्या कारोबारीची पहिली सभा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो हे शोधण्यात जाते.