संदर्भ शोधताय? आधी डेटाबेस, मग झोटेरो
(प्रबंध टायपिंग व बायंडिंगच्या ग्राहकांसाठी, सोलापूर)

प्रबंधाचं काम बहुतेक वेळा अडतं ते संदर्भसूचीवर. सूची हाताने टाइप करू नका. लेख सापडला की तेव्हाच संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवा. त्यांतलं झोटेरो फुकट आहे, एंडनोट विकत घ्यावं लागतं.

एंडनोटच्या आतूनही पबमेड (वैद्यक व जीवशास्त्राच्या लेखांचा डेटाबेस) शोधता येतं. ठरावीक लेख हुडकायला ते ठीक. पण पूर्ण विषय धुंडाळायचा तर थेट पबमेडच्या साइटवर जा, तिथले सगळे फिल्टर आतून मिळत नाहीत.

उदाहरणार्थ, डाळिंबावरचा तेल्या रोग घ्या. 'तेल्या' टाकून हाती काही लागणार नाही. रोमन लिपीत 'पोमेग्रॅनेट' ऑर (दोन्हींपैकी काहीही चालेल) 'प्युनिका ग्रॅनाटम' (डाळिंबाचं शास्त्रीय नाव) असा गट कंसात, पुढे ॲण्ड (दोन्ही हवंच), मग 'बॅक्टेरियल ब्लाइट' (तेल्याचं इंग्रजी नाव). पबमेडमध्ये ऑर आणि ॲण्ड कॅपिटल अक्षरांतच हवेत. या रोगाच्या जंतूचं नाव मध्यंतरी बदललंय: जुन्या लेखांत झँथोमोनास ॲक्सोनोपोडिस, नव्यांत झँथोमोनास सिट्री. दोन्ही टाका, नाहीतर एका नावाचे लेख निसटतात. अवतरणचिन्हं मात्र जपून; पबमेड स्वतःहून जोडतं ते समानार्थी शब्द त्यांनी बंद पडतात. शेतीच्या विषयाला एकटं पबमेड पुरत नाही, एफएओचा (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) ॲग्रिस हा डेटाबेसही बघा. तोही मोफत आहे. स्कोपस या डेटाबेससाठी संस्थेची वर्गणी लागते.

यादी मोठी असेल तर पबमेडमध्ये 'सेंड टू', 'सिटेशन मॅनेजर' करून फाइल उतरवा (एका वेळी १०,००० नोंदींपर्यंत) आणि झोटेरोत 'इम्पोर्ट' करा. थोडेच लेख असतील तर ब्राउझरमधला झोटेरोचा कनेक्टर (पानावरचा लेख थेट झोटेरोत उतरवणारं बटण) पुरे, फक्त झोटेरो उघडं ठेवा. गूगल स्कॉलरवरून भराभर नोंदी घेतल्या की ते रोबोट समजून अडवतं, शिवाय नोंदी अर्धवट येतात. त्यापेक्षा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) कॉपी करून झोटेरोतल्या जादूच्या कांडीच्या बटणात टाका.

दोन डेटाबेसमधून एकच लेख दोनदा येणारच. 'डुप्लिकेट आयटम्स'मध्ये जाऊन 'मर्ज' करा. एक नोंद नुसती पुसली आणि वर्डमध्ये नेमका तिचाच दाखला असला, तर दुवा तुटतो.

झोटेरोच्या फुकट खात्यात ३०० एमबीच जागा मिळते. ती पीडीएफनी भरते, नोंदींनी नाही.

आमच्याकडे वर्ड फाइल आणण्याआधी 'अनलिंक सिटेशन्स' (वर्डमधल्या दाखल्यांचे झोटेरोशी असलेले दुवे तोडणारं बटण) दाबू नका. गाइडनी ऐन वेळी एपीए या संदर्भशैलीऐवजी व्हँकुव्हर शैली मागितली, तर दुवे शाबूत असलेल्या फाइलमध्ये शैली बदलायला मिनिटभर लागतं.