वॉशिंग्टनला इंजेरा कशी आली

आमच्याकडे आलेल्या एका ज्येष्ठ पाहुण्यांनी इथिओपियन उपाहारगृहाच्या मेनूवर 'शिरो' वाचलं आणि जेवणाच्या शेवटी तो घ्यायचा असं मनाशी ठरवून टाकलं. साजूक तुपातला, वर बदामाचे काप पेरलेला शिरा त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. समोर आलं मातीच्या काळ्या भांड्यात रटरटणारं लालसर पिठलं. भाजलेल्या चण्या-वाटाण्याचं पीठ, कांदा, लसूण आणि भरपूर तिखट. दोन घास झाल्यावर म्हणाले, "अहो, फक्त भाकरी मऊ आहे, बाकी घरचंच आहे की!" आणि भांडं पुसून खाल्लं.

वॉशिंग्टन आणि त्याला लागून असलेल्या मेरिलंड-व्हर्जिनियाच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी मंडळींना इथिओपियन जेवणाची ओळख बहुतेक वेळा अशीच होते. डाळ आहे, कोबी-बटाटा आहे, पालेभाजी आहे, हातानं खायचं आहे. मग बिचकायचं कशाला? पण अमेरिकेच्या राजधानीत एवढी इथिओपियन उपाहारगृहं का, हा प्रश्न जेवताना कुणाला फारसा पडत नाही. त्याचं उत्तर इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात झालेल्या एका राज्यक्रांतीत आणि वॉशिंग्टनमधल्या घरभाड्यांत आहे.

सुरुवात मात्र क्रांतीच्या बरीच आधीची. वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ हे कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचं अमेरिकेतलं मोठं केंद्र. इथिओपियाच्या राजघराण्याशी नातं असलेले मलाकू बायेन १९३०च्या दशकात तिथेच डॉक्टर झाले. १९३५ साली मुसोलिनीच्या फौजा इथिओपियावर चालून गेल्या, तेव्हा ते मायदेशी परतले आणि पुढे अमेरिकेत येऊन त्यांनी तिथल्या कृष्णवर्णीयांना इथिओपियाच्या बाजूनं उभं केलं. आफ्रिकेत गोऱ्यांना हरवणारा देश, म्हणजे १८९६ साली आद्वाच्या लढाईत इटलीला धूळ चारणारा, म्हणून न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या हार्लेमपासून हॉवर्डपर्यंत इथिओपियाबद्दल अभिमान होताच. सम्राट हेले सेलासी १९५४च्या अमेरिका दौऱ्यात हॉवर्डलाही येऊन गेले. त्यांच्या काळात शिष्यवृत्तीवर मुलं येत, पदवी घेत आणि परत जात. परत जाणं हाच रिवाज होता. अदिसमध्ये चांगली नोकरी वाट पाहत असे. इथे राहून करायचं काय?

१२ सप्टेंबर १९७४ला लष्करानं सम्राटांना पदच्युत केलं आणि परतीचा रस्ता बंद झाला. 'दर्ग' नावाच्या लष्करी मंडळाच्या हाती सत्ता गेली, त्यातून मेंगिस्तू हेले मरियम वर आले आणि १९७७-७८च्या 'लाल दहशती'त हजारो तरुण, त्यातही शिकलेले, मारले गेले. वॉशिंग्टनमध्ये असलेले विद्यार्थी आणि वकिलातीतले अधिकारी होते तिथेच अडकले. पाठोपाठ सुदानमार्गे पळालेले निर्वासित येऊ लागले. १९८०च्या निर्वासित कायद्यानं त्यांना अमेरिकेत येण्याची रीतसर वाट करून दिली. राजधानीत त्यांचे ओळखीचे लोक होते, सरकारपुढे गाऱ्हाणं मांडायला जागा होती, आणि पार्किंगचे तळ नि टॅक्सी या धंद्यांत इंग्रजी कच्चं असलं तरी चालत होतं. आजही शहरातल्या पार्किंगच्या केबिनमध्ये इथिओपियाच्या अम्हारिक भाषेतला रेडिओ ऐकू येतो, त्याचं मूळ हे.

मेंगिस्तू आज पडेल, उद्या पडेल, मग आपण जाऊच, अशा हिशेबात ही पिढी राहत होती. उपाहारगृहंही त्याच हिशेबात निघाली. १९७८ साली जॉर्जिया ॲव्हेन्यूवर 'मामा देस्ता' सुरू झालं. त्याआधी १९६६मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला एका इथिओपियन माणसानं असा प्रयत्न केला होता, पण वॉशिंग्टनची परंपरा मोजतात ती मामा देस्तापासून. पुढच्या पाच-सात वर्षांत ॲडम्स मॉर्गन भागातल्या १८व्या रस्त्यावर एकाशेजारी एक पाट्या लागल्या. त्या काळी तो भाग जरा बेभरवशाचा समजला जाई, म्हणून भाडी परवडत.

खरी अडचण होती इंजेराची. ही हातभर रुंदीची आंबट, जाळीदार पोळी म्हणजे आपल्या आंबोळीची थोरली बहीण. तीच ताट, तीच भाकरी, तीच चमचा. ती करतात तेफच्या पिठाची. तेफचा दाणा खसखशीएवढा. हातातून निसटला की सापडत नाही. पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवतात, वर जमणारं पिवळसर पाणी, म्हणजे 'एर्शो', पुढच्या खेपेला विरजण म्हणून ठेवतात. मग थोडं पीठ बाजूला काढून पाण्यात शिजवतात आणि ते पुन्हा मूळ पिठात मिसळतात. या एका पायरीनं पोळीला लवचिकपणा येतो. तव्यावर बाहेरून आत गोल गोल ओतायचं, झाकण ठेवायचं, उलटायचं नाही. वरच्या बाजूला जी भोकं पडतात त्यांना ते डोळे म्हणतात, आणि डोळे नीट उघडले नाहीत तर करणारीला नावं ठेवतात. आपल्याकडे घावनाला जाळी पडली नाही की सासूबाईंचा चेहरा जसा होतो, तसंच.

वॉशिंग्टनमध्ये ना तेफ, ना मातीचा 'मितात' तवा. बायकांनी मैद्यासारखं तयार फुगणारं पीठ घेतलं, त्यात सोडा वॉटर घातलं आणि कशीबशी पोळी काढली. दिसायला इंजेरा, चवीला पॅनकेक. तव्याचा प्रश्न सोडवला नॉर्वेहून आलेल्या लोकांनी, तेही नकळत. त्यांची 'लेफ्से' नावाची पातळ बटाट्याची पोळी भाजायला अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात विजेवर चालणारा मोठा गोल तवा बनत असे. तो इंजेराला अगदी बेतशीर निघाला आणि इथिओपियन स्वयंपाकघरांत त्याला कायमची जागा मिळाली. धान्याचं कोडं सुटलं आयडाहो राज्यात. वेन कार्लसन नावाचा एक अमेरिकन क्रांतीपूर्वी इथिओपियात काम करून आला होता; त्यानं १९८०च्या दशकात स्नेक नदीच्या खोऱ्यात तेफ लावून पाहिलं, ते रुजलं, आणि पिठाच्या गोण्या वॉशिंग्टनला येऊ लागल्या. पुढे २००६मध्ये इथिओपियानं देशातली महागाई रोखायला तेफच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा परदेशातल्या चुली याच अमेरिकी तेफवर चालल्या. तरी ते महागच. म्हणून आजही उपाहारगृहातल्या इंजेरात बहुधा गव्हाचं किंवा सातूचं पीठ मिसळलेलं असतं. 'ग्लुटेन नाही' या भरवशावर जाणाऱ्यांनी आधी विचारलेलं बरं.

मसाल्याचं त्या मानानं सोपं होतं. बर्बरे हा लाल मसाला मिरची, लसूण, आलं, मेथी, कोरारिमा नावाची तिकडची वेलची असं बरंच काही घालून करतात. तो आजीच्या हातचाच लागतो. कांदा-लसूण मसाल्याची बरणी घेऊन विमानात बसणाऱ्यांना हे सांगायला नको. डोरो वोत, म्हणजे कोंबडीचा रस्सा, करताना ढीगभर कांदा आधी तेल न घालता कोरडाच परततात, तो विरघळेपर्यंत. मग मसाला, मग 'नितेर किब्बे' हे मसाल्यात कढवलेलं लोणी. शेवटी अख्खी उकडलेली अंडी.

१९८४च्या ऑक्टोबरात दुष्काळाची दृश्यं जगभरच्या टीव्हीवर आली. इथिओपिया म्हणजे हाडांचे सापळे, हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं. त्या काळात १८व्या रस्त्यावर टेबलं भरत होती आणि 'इथिओपियन हॉटेलात जेवायला काय, रिकामी ताटली?' हा घाणेरडा विनोदही चालू होता. ज्यांचं गणगोत त्या दुष्काळात होतं त्यांनी तो ऐकून घेत वाढप केलं. हे जेवण फॅशन म्हणून लोकप्रिय झालं असं लिहिणाऱ्यांनी हा भाग सहसा गाळला आहे.

आपल्यासारख्यांना सोयीचं असलेलं 'व्हेजिटेरियन कॉम्बो' कुठून आलं, तेही सांगायला हवं. शाकाहाराशी त्याचा संबंध नाही, उपवासाशी आहे. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक दर बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय ईस्टरच्या आधी ५५ दिवस 'त्सोम' पाळतात. त्यात मांस नाही, अंडी नाहीत, दूध-लोणी-तूप काहीच नाही. वर्षाचा हिशेब केला तर जवळजवळ निम्मे दिवस असे निघतात. म्हणून मसुरीचं तिखट वोत, हळदीतली पिवळी वाटाण्याची डाळ, गोमेन ही पालेभाजी, बीट, कोबी-गाजर-बटाटा अशी सगळी तेलातली पाककला शतकानुशतकं घडत गेली. एका इंजेरावर हे सगळं थोडं थोडं वाढलं की झालं 'बेयाय्नेतू'. अमेरिकेत व्हीगन लोक वाढले तेव्हा इथिओपियन स्वयंपाक्यांना नवं काहीच शिकावं लागलं नाही, बुधवारचा स्वयंपाक रोज करायचा एवढंच. आपली एकादशी आणि त्यांचा त्सोम यांत फरक इतकाच की त्यांना साबुदाण्याची पळवाट मिळालेली नाही.

उपवासाच्या या स्वयंपाकात 'नूग' येतं, आणि नूग म्हणजे आपले कारळे. झाडाच्या शास्त्रीय नावातच अबिसिनिया, म्हणजे इथिओपियाचं जुनं नाव, आहे. नाचणीही मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलीच. माणसांचं म्हणाल तर अहमदनगरची निजामशाही सांभाळणारा आणि खडकी, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला होता. जुन्या कागदांत 'हबशी' येतो, जंजिऱ्याच्या मुलखाला हबसाण म्हटलं जातं. मराठीत हा शब्द पुढे हिणवायला वापरला गेला. वॉशिंग्टनमध्ये दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत 'हबेशा' वाचला की मराठी माणूस चपापतो. तिथे तो इथिओपियन आणि एरिट्रियन लोकांनी स्वतःसाठी अभिमानानं लावलेला शब्द आहे.

१९९१चा मे महिना या मंडळींच्या दृष्टीनं निर्णायक ठरला. मेंगिस्तू झिंबाब्वेला पळाले, महिनाअखेरीस अदिस पडलं. आता परत जाता येणार होतं, आणि तेव्हा कळलं की मुलं इथल्या शाळेत आहेत, घराचे हप्ते चालू आहेत. थोडे गेले, बरेच राहिले. योगायोग असा की त्याच महिन्यात यू स्ट्रीटला मेट्रोचं स्टेशन सुरू झालं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर १९६८च्या दंगलीत हा रस्ता जळाला होता आणि पुढे मेट्रोच्या खोदकामानं उरलीसुरली दुकानंही बसली होती. ॲडम्स मॉर्गनची भाडी चढू लागली तशी इथिओपियन मंडळी यू स्ट्रीट आणि ९व्या रस्त्याच्या रिकाम्या गाळ्यांत शिरली. 'दुकेम' हे उपाहारगृह १९९७चं. आधी ग्राहक गोरे अमेरिकन होते, म्हणून सजावट वेताच्या 'मेसोब' टेबलांची; इथे मात्र रात्री टॅक्सी लावून येणारे इथिओपियन लोकच जेवू लागले, तेव्हा साधी टेबलं आणि कच्च्या मांसाचं कित्फो आलं.

२००५च्या सुमारास या भागाला 'लिटल इथिओपिया' नाव द्यावं अशी मागणी झाली. लॉस एंजेलिसनं फेअरफॅक्स ॲव्हेन्यूच्या एका तुकड्याला २००२मध्येच ते दिलं होतं. वॉशिंग्टनमध्ये जुन्या कृष्णवर्णीय रहिवाशांनी जोरदार विरोध केला. जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचा हा परिसर, इथली नाट्यगृहं आम्ही उभी केली, तुम्ही काल आलात, असा सूर होता. हॉवर्डच्या दारात ज्यांनी एकेकाळी इथिओपियाचा झेंडा मिरवला त्यांच्याच नातवंडांचा हा सूर होता. दोन्ही बाजू मला पटतात. शेवटी दोघांनाही भाड्यानंच तिथून हलवलं.

आज चांगली इंजेरा खायची तर सिल्व्हर स्प्रिंग, अलेक्झांड्रिया किंवा फॉल्स चर्चच्या बाजूला जावं लागतं. दुकान लहान, बाहेर गाड्या लावायला ऐसपैस जागा, आत भिंतीवर झेंडा. तो झेंडा आधी बघावा. हिरवा-पिवळा-लाल साधा आहे, मध्ये सम्राटाचा सिंह आहे की निळ्या गोलातला १९९६चा तारा, यावरून मालकाचं राजकारण कळतं. २०२० ते २०२२च्या, इथिओपियाच्या उत्तरेकडच्या तिग्राय प्रांतातल्या युद्धात इथली मंडळीही दुभंगली, दोन्ही बाजूंचे मोर्चे याच शहरात निघाले. त्या दिवसांत जेवताना राजकारण काढू नये हे आम्ही शिकलो.

टेबलावर मात्र 'गुर्शा' चुकत नाही: आपल्या हातानं घास करून शेजारच्याच्या तोंडात भरवायचा, आणि तोही मोठा. नाही म्हणणं उद्धटपणाचं. मग कॉफी. हिरवे दाणे समोर भाजतात, धूर नाकापाशी आणून दाखवतात, जेबेना नावाच्या चिंचोळ्या मानेच्या सुरईतून ओततात. एकाच चोथ्यावर तीन फेऱ्या, तिसरीचं नाव 'बरका', म्हणजे बरकत.

शुक्रवारी संध्याकाळी अशा दुकानात गेलात तर गल्ल्याशेजारी इंजेराच्या गरम पुड्या रचलेल्या दिसतात, प्लॅस्टिकला आतून वाफ धरलेली. पार्किंगची पाळी संपवून आलेली माणसं पुडी हातात तोलून एकच प्रश्न विचारतात: निव्वळ तेफ की मिसळीची? मिसळीची असली तर पुडी खाली ठेवून बाजूची उचलतात.